'नको' म्हणण्याची जागा

गेल्या पावसाळ्यात माझी बेळगावची आत्या मल्लेश्वरमला आमच्याकडे महिनाभर राहून गेली. घराच्या कौलांचे काम अर्धवट टाकून ती आली होती, त्यामुळे रोज सकाळी चहाआधी तिला बेळगावच्या पावसाची चौकशी असे. नातवाने तिच्या फोनवर हवामानाचे एक ॲप घालून दिले होते. एके दिवशी ते उघडल्यावर पावसाऐवजी एक पांढरी चौकट आली. इंग्रजी मजकूर, बारीक अक्षरे, खाली निळे बटण. आत्याने फोन माझ्यापुढे धरला.

"हे काय विचारालंय बघ की."

"काही नाही गं आत्या, हो म्हण."

"काय विचारलंय ते न बघताच हो म्हणू?"

तेव्हा मी वाचले. ॲपला आणि त्याच्या भागीदारांना आत्याचे ठिकाण, तिच्या फोनची ओळख आणि तिच्या वापराच्या सवयी जाणून घ्यायच्या होत्या. 'भागीदार' या शब्दावर बोट ठेवले तर कंपन्यांच्या नावांची यादी उघडली. मी अंगठ्याने वर सरकवत राहिले, ती संपेना.

"आणि नको म्हटलं तर?" आत्याने विचारले.

नको म्हणायला बटण नव्हते. फिकट अक्षरांत पर्यायांकडे नेणारी एक ओळ होती. तिच्यामागे दुसरे पान, त्या पानावर बरीच छोटी छोटी बटणे, आणि त्यांतली बहुतेक आधीच 'हो'कडे वळवलेली. पाऊस या सगळ्याच्या पलीकडे होता.

साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात या चौकटीबद्दल लिहिण्याचे कारण साधे आहे. आपल्यापैकी बहुतेकांसमोर आज कुठल्याही कथेपेक्षा, कवितेपेक्षा अधिक वेळा येणारा मजकूर हाच आहे. त्याला लेखक आहे, वाचक आहे, ठरलेली शैली आहे. तो वाचल्यावर, किंवा न वाचता, वाचकाने एक कृती करायची असते आणि त्या कृतीला कायद्याच्या दृष्टीने अर्थ असतो. समीक्षेने ज्याच्याकडे वळू नये असे या मजकुरात काहीही नाही. माझा मुद्दा इतकाच आहे की हा मजकूर 'हो' कसे मागतो यावर बरीच चर्चा झाली आहे. तो 'नको'चे काय करतो, यावरून त्याची परीक्षा व्हायला हवी.

आधी त्याची भाषा पाहू. या चौकटी बहुधा एकाच सुरात सुरू होतात: तुमची गोपनीयता आम्हाला महत्त्वाची वाटते. इंग्रजीत हे वाक्य गुळगुळीत सरकते. मराठीत करू गेल्यास पहिल्याच पायरीला ठेच लागते. आपल्याकडे अनेकवचनी प्रथमपुरुष दोन आहेत. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीतला 'वी' हा फरक करत नाही, हिंदीतला 'हम' करत नाही, आणि या शहराच्या कन्नडमध्येही दोन्हींना 'नावु' एवढेच आहे. तेलुगू आणि तमिळ मात्र मराठीसारख्याच यात काटेकोर आहेत. चौकटीच्या इंग्रजी मजकुराला या सैलपणाचा फायदा होतो. पहिल्या वाक्यातला 'वी' जणू वाचकाला सोबत घेऊन बोलतो, पाचव्या वाक्यातला 'वी' त्याची माहिती इतरांना देतो. मराठीत पाचव्या वाक्यात 'आम्ही' लिहावेच लागते आणि ते लिहिताच पहिल्या वाक्यातली सलगी उघडी पडते.

दुसरी गोष्ट कर्त्याची. माहिती 'गोळा केली जाते', अनुभव 'सुधारला जातो', जाहिराती 'दाखवल्या जातात'. शाळेत व्याकरणाच्या तासाला बाई विचारायच्या, "कर्ता कोण?" या चौकटीतल्या प्रत्येक वाक्याला तो प्रश्न विचारून पाहावा. कोण गोळा करतो? कोणाकडे देतो? किती दिवस ठेवतो? उत्तर शोधताना आपण त्या न संपणाऱ्या यादीपाशी येऊन पोचतो. वाक्यातून हाकललेला कर्ता त्या यादीत जाऊन बसलेला असतो.

तिसरी गोष्ट एका शब्दाची. इंग्रजीतल्या 'थर्ड पार्टी'साठी मराठी मजकुरांत कधी 'तृतीय पक्ष' येतो, कधी 'त्रयस्थ'. मराठीत त्रयस्थ म्हणजे भांडणात ज्याचा हितसंबंध नाही असा माणूस, ज्याच्या मतावर दोन्ही बाजू विश्वास ठेवू शकतील असा. जाहिरातीच्या व्यवहारात या तिसऱ्याचा हितसंबंध सगळ्यांत मोठा असतो. अनुवादाने त्याला न मागता चारित्र्याचा दाखला दिला आहे.

हा तिसरा तिथे आला कसा, हे थोडक्यात सांगायला हवे. वेबची पाने मुळात विसराळू होती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की संकेतस्थळाच्या दृष्टीने तुम्ही नवे गिऱ्हाईक. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने त्यावर तोड काढली. संकेतस्थळाने ब्राउझरजवळ एक छोटी खूण ठेवायची, पुढच्या भेटीत ब्राउझरने ती परत दाखवायची. त्या खुणेला 'कुकी' म्हणतात. दुकानदाराने ओळखीच्या गिऱ्हाइकाची वहीत नोंद ठेवावी तसा हा प्रकार, आणि तेवढ्यापुरता सोयीचाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'हॉटवायर्ड'च्या पानांवर जाहिरातींच्या पट्ट्या झळकल्या. पुढे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. पान एका संकेतस्थळाचे, पण त्यावरची जाहिरात येते दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून. ती जाहिरातही आपली खूण ठेवू शकते. तीच कंपनी हजार संकेतस्थळांवर जाहिराती पुरवत असेल, तर त्या हजार ठिकाणी तुमची खूण तिला पुन्हा दिसते. आता वही एका दुकानदाराची राहिली नाही. सगळ्या बाजारपेठेत तुम्ही कुठल्या दुकानात शिरलात, कुठे नुसतेच काचेतून पाहिलेत, हे लिहिणारा एक कारकून तुमच्या मागे फिरू लागला. आज पान उघडता उघडता, डोळ्याची पापणी लवण्याच्या आत, तुम्हाला जाहिरात दाखवण्याच्या जागेचा लिलाव होतो आणि बोली लावणाऱ्यांपुढे तुमच्याबद्दलचा तपशील ठेवला जातो.

जाहिरातीला माझा आक्षेप नाही. मराठी वाचकाला तो घेताही येणार नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपले कितीतरी साहित्य जाहिरातींच्या आधाराने छापले गेले आहे. अत्तरे, साड्या, औषधे, बँका यांच्या पानांनी कथांच्या पानांचा खर्च उचलला. पण दिवाळी अंकातली जाहिरात मजकुराच्या शेजारी बसत असे. अंक कोण वाचतो याचा तिने अंदाज बांधलेला असे. हे पान आत्ता कोणाच्या हातात आहे हे तिला ठाऊक नसे. आजची जाहिरात वाचकाच्या शेजारी बसते, आणि तो पान उलटून उठला की त्याच्यासोबत उठून चालू लागते. जाहिरातींवर चालणारी छोटी मराठी संकेतस्थळे बंद पडावीत असे कोणीच म्हणणार नाही. पण मजकूर पाहून जाहिरात लावणे आजही शक्य आहे. पाककृतीच्या पानावर मसाल्याची जाहिरात द्यायला वाचणाऱ्याचा माग काढावा लागत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: ज्याला नको असेल त्याने ब्राउझरमध्ये तशी सोय करून घ्यावी. सोयी आहेत, आणि काही खऱ्या आहेत. फायरफॉक्सने २०१९ पासून माहितीतल्या पाळत ठेवणाऱ्यांच्या कुकी आपणहून रोखायला सुरुवात केली. सफारीने २०२० मध्ये तिसऱ्याच्या सगळ्याच कुकी बंद केल्या. गूगलने त्याच वर्षी जानेवारीत जाहीर केले की क्रोममधूनही त्या दोन वर्षांत जातील. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, २०२४ मध्ये बेत बदलला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये कंपनीने सांगितले की आहे तेच चालू राहील. ब्राउझर बनवणारा आणि जाहिरातींवर जगणारा एकच असेल, तेव्हा 'नको'चे बटण कुठे ठेवायचे हा त्याच्यासाठी घरातलाच तंटा असतो.

त्यातून क्रोममधली एक सोय साहित्याच्या वाचकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे: 'इन्कॉग्निटो'. शब्दाचा अर्थ अनोळखी, वेष पालटून वावरणारा. आपल्याला तो ऐकताच अज्ञातवास आठवतो. पांडव तेराव्या वर्षी विराटाच्या राजवाड्यात राहिले. ही विराटनगरी आमच्या दोन्ही भाषांना आपल्या अंगणात हवी असते. कर्नाटकात ती हावेरी जिल्ह्यातल्या हानगलला दाखवतात, महाराष्ट्रात वाईला विराटनगरी म्हणतात, आणि विदर्भात चिखलदऱ्याला कीचकाची दरी दाखवतात. या कथेत एक बारकावा आहे. पांडव लपून बसलेले नव्हते. बल्लव रोज सगळ्यांना जेवू घालत होता, सैरंध्री राणीच्या महालात वावरत होती. सगळे त्यांना पाहत होते, फक्त ते कोण आहेत हे कळत नव्हते. २०२० मध्ये अमेरिकेत काही वापरकर्त्यांनी गूगलवर दावा केला तो याच अंतरावर बोट ठेवून. गुप्त खिडकी उघडली तेव्हा आपल्याकडे कोणी पाहत नाही असे आम्हाला वाटले, प्रत्यक्षात आमचे फिरणे टिपले जात होते, अशी त्यांची तक्रार होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये तडजोडीच्या अटी पुढे आल्या. नोंदींचा अब्जावधींचा साठा नष्ट करणे किंवा त्यातली ओळख पुसणे, आणि गुप्त खिडकी उघडताच दिसणारा मजकूर बदलणे, या त्यातल्या दोन अटी. म्हणजे वाद अखेर एका परिच्छेदाच्या शब्दरचनेपाशी येऊन ठेपला. एका शब्दाने किती वचन दिले, हाच तिथे प्रश्न होता.

अज्ञातवास मोडतो कसा, हेही त्याच कथेत आहे. दुर्योधनाच्या हेरांना पांडव सापडत नाहीत. ते कीचकाच्या मृत्यूची बातमी तेवढी आणतात. आपल्या कीर्तनांत पुढे सांगतात की असा मृत्यू भीमाशिवाय कोणाच्या हातून होणार? विराटपर्वातला भीष्म आणखी सूक्ष्म खूण सांगतो. ज्या देशात युधिष्ठिर असेल तिथे पाऊस वेळेवर पडेल, गाई पुष्कळ असतील, माणसे दानशूर असतील. तसा देश शोधा. नाव नको, चेहरा नको, भोवतालच्या लक्षणांवरून माणूस शोधायचा. आज ब्राउझरबाबत नेमके हेच होते. कुकी पुसल्या तरी पडद्याचा आकार, यंत्रातले टंक, घड्याळाचा प्रदेश, निवडलेली भाषा अशी लक्षणे उरतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८० टक्क्यांहून अधिक अशा लक्षणांवरून एकमेवाद्वितीय निघाले. इथे आपल्यासारख्या बहुभाषिकांसाठी एक कडवट गोष्ट आहे. बेंगळुरूत बसून ज्याने आपल्या ब्राउझरची भाषा मराठी ठेवली आहे, तो इंग्रजी ठेवणाऱ्यांपेक्षा गर्दीत लवकर सापडतो. भाषेवरचे प्रेम हेच त्याचे लक्षण ठरते.

ही गोष्ट मी कॅलिफोर्नियाच्या कंपन्यांपाशी थांबवू शकले असते. दूरच्या राक्षसाला नावे ठेवणे सोपे असते. पण या विषयातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच शहराचे आहे. इनमोबी ही मोबाइल जाहिरातींची कंपनी २००७ मध्ये मुंबईत 'एमखोज' नावाने सुरू झाली आणि बेंगळुरूत वाढली. २०११ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने तिच्यात २० कोटी डॉलर घालायचे ठरवले, तेव्हा या शहराने तिचे कौतुक आपल्या मुलीचे करावे तसे केले. आणि कौतुकासारखे खरेच होते. भारतात उभी राहिलेली कंपनी जगभरच्या फोनांवर जाहिराती पोचवत होती. २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्याविरुद्धची तक्रार आणि तडजोडीचा आदेश जाहीर केला. खटला चालून लागलेला हा निकाल नव्हे, हे ध्यानात ठेवून ती तक्रार मजकूर म्हणून वाचावी. मी वाचलेल्या सरकारी गद्यात इतका स्वच्छ कर्ता क्वचित सापडला आहे.

आयोगाचे म्हणणे असे. फोन वापरणाऱ्याने ठिकाण सांगायला परवानगी दिली तरच त्याचे ठिकाण पाहून जाहिरात दाखवली जाईल, असे कंपनी सांगत होती. ज्यांनी परवानगी दिली, त्यांच्या फोनकडून तिला दोन गोष्टी मिळत: फोन कुठे आहे, आणि आसपास कुठली वाय-फाय जाळी आहेत. प्रत्येक वाय-फाय यंत्राला स्वतःचा क्रमांक असतो. या दोन गोष्टी जुळवल्या की कुठले जाळे कुठल्या जागी आहे याचा नकाशाच तयार होतो. आता समजा, दुसऱ्या एका माणसाने ठिकाण सांगायला नकार दिला. त्याच्या फोनजवळची वाय-फाय जाळी कुठली, एवढे कळले तरी पुरे. नकाशात पाहिले की तो कुठे उभा आहे ते समजते. अशा तऱ्हेने नकार देणाऱ्यांसह कोट्यवधी लोकांचा माग काढला गेला, असा आयोगाचा आरोप होता. उघडपणे लहान मुलांसाठी असलेल्या ॲपांमधूनही पालकांच्या संमतीविना माहिती घेतली गेली, असेही त्यात होते. दंड ४० लाख डॉलर ठरला आणि कंपनीची आर्थिक स्थिती पाहून साडेनऊ लाखांवर आणला गेला. परवानगीविना जमवलेली ठिकाणांची माहिती आणि मुलांची माहिती पुसायची, आणि पुढची २० वर्षे दर दोन वर्षांनी बाहेरच्या तपासनिसाकडून गोपनीयतेची तपासणी करून घ्यायची, अशा अटी होत्या.

या प्रकरणातला दंडाचा आकडा विसरला तरी चालेल, तो नकाशा विसरू नये. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर समजा मी 'हो' म्हटले आणि माझ्या शेजारच्या बाईंनी 'नको' म्हटले. आमच्या दोघींच्या फोनांना एकाच घराचे वाय-फाय दिसते. माझ्या 'हो'मधून नकाशातला तो ठिपका तयार होतो आणि त्याच ठिपक्यावर त्या सापडतात. त्यांचा 'नको' मी, त्यांना न विचारता, खर्चून टाकलेला असतो. आत्याला "हो म्हण" असे मी सहज म्हणाले तेव्हा तो सल्ला एकट्या आत्यापुरता नव्हता. संमती ही प्रत्येकाची खासगी बाब आहे, असे ती चौकट गृहीत धरते. एकेका वाचकाला एकेकटे गाठून विचारते. पण माहिती एकेकटी नसते. ती शेजाऱ्यांची, घरच्यांची, एकाच बसमधून जाणाऱ्यांची असते. इथे ही चौकट साहित्यप्रकार म्हणूनच अपुरी पडते. तिला द्वितीयपुरुषी एकवचनापलीकडे कोणाशी बोलताच येत नाही.

खासगीपणाच्या हक्काची आपल्या देशातली सर्वांत मोठी लढाईही याच शहराच्या एका रहिवाशाच्या नावाने ओळखली जाते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ठरवले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यातले मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. आणीबाणीत जगण्याच्या हक्कालाही न्यायालयात दाद मागता येत नाही असे म्हणणाऱ्या १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते; मुलाने या निकालपत्रात तो निर्णय चुकीचा ठरवला. मराठी वाचकाला बापलेकांची ही गोष्ट ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते हे, की त्याच निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र मतात सरकारबरोबर खासगी कंपन्यांच्या माहितीसाठ्यांचाही विचार केला. पुट्टस्वामी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूत वारले.

त्या निकालानंतर सहा वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. भाषेच्या माणसाने हा कायदा वाचावा. त्यात व्यक्तीसाठी सर्वनाम 'ती' वापरले आहे आणि त्यात सगळी लिंगे धरावीत असे म्हटले आहे. माहिती घेणाऱ्याला दिलेल्या नावाचा अर्थ विश्वस्त असा होतो, म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. मुलांचा माग काढणे आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिरात करणे यांना मनाई आहे, तिला काही अपवाद ठेवले आहेत. सरकारला दिलेली सूट फार रुंद आहे, ही त्यावरची टीका मला योग्य वाटते. पण आपल्या कामाची तरतूद वेगळी आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे ती पांढरी चौकट आता २२ भाषांत येणार. कोणीतरी ती मराठीत लिहिणार, कन्नडमध्ये लिहिणार. हे काम आपल्यासारख्यांपैकीच कोणाच्या तरी टेबलावर येईल.

या शहरात एकाच धन्यासाठी अनेक भाषांत लिहिण्याची रीत जुनी आहे. शहाजीराजांच्या बेंगळुरूतल्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त कवी आपापल्या भाषेत राजांची स्तुती करतात. भाषा वेगळ्या, आशय एकच. चौकटीचा अनुवाद असाच झाला तर त्याचा उपयोग नाही. इंग्रजीतले न वाचण्यासाठी लिहिलेले गद्य मराठीत आले की ते मराठीतले न वाचण्यासाठी लिहिलेले गद्य होते, एवढेच. कायद्याला हवी असलेली संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली असावी लागते, तीही स्पष्ट कृतीने. शिवाय एक अट आहे जी मला या साऱ्या मजकुराचा गाभा वाटते: संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. हाच न्याय पहिल्या नकारालाही लावायला हवा. शेजाऱ्याच्या 'हो'मधून माझा 'नको' कसा वाचवायचा, याचे उत्तर मात्र कायद्यातही नाही. एकेकट्या माणसाच्या संमतीवर उभा असलेला कायदा ते देऊ शकेल असे मला वाटत नाही.

तोवर अनुवादकाच्या हातात काय आहे? एक शब्द आहे. इंग्रजी चौकट नाकारण्यासाठी जे शब्द वापरते त्यांत एक आडमुठेपणा आहे, जणू वाचक एखादी देणगी झिडकारतो आहे. मराठीत 'नाही' वेगळे आणि 'नको' वेगळे. 'नाही' वस्तुस्थिती सांगते, 'नको' इच्छा सांगते. 'मला नको' म्हणायला कारण द्यावे लागत नाही, रागही धरावा लागत नाही. पंगतीत वाढप्याला आपण म्हणतो तितके ते साधे आहे, आणि चांगला वाढपी त्या शब्दावर हात आखडतो. कन्नडमध्ये हाच भेद 'इल्ल' आणि 'बेड' यांत आहे. तेलुगूत 'वद्दु' आहे, तमिळमध्ये 'वेंडाम' आहे. इथल्या शिवाजीनगरच्या दखनी बोलणाऱ्यांकडे तर आपलाच शब्द आहे, 'नक्को'. दख्खनच्या भाषांनी नकारासाठी हा एक स्वतंत्र, नम्र आणि निःसंदिग्ध शब्द राखून ठेवला आहे, जो इंग्रजीकडे नाही. मराठी चौकट लिहिणाऱ्याने 'असहमत', 'अस्वीकार' असले शब्द शोधत बसू नये. 'हो'च्या शेजारी, तेवढ्याच आकाराचे, त्याच रंगाचे 'नको' लिहावे. कंपनीने ते ठेवू दिले नाही, तर निदान आपल्याला कळेल की अडचण भाषेची नव्हती.

त्या सकाळी मी आत्याच्या फोनवर छोटी बटणे एकेक करून मागे सरकवत बसले. चौदा की पंधरा झाली असतील. तेवढ्यात तिने माझ्या हातातून फोन घेतला, उलटा ठेवला आणि स्वतःच्या जुन्या वहीतून नंबर शोधून घरच्या फोनवरून बेळगावला शेजारणीला फोन लावला. पाऊस पहाटेच थांबला होता. कौले अजून तशीच होती.